ताट आधी उलटं करा : इझनिकबद्दल वाचकांचे प्रश्न

तुर्कस्तानातलं इझनिक हे गाव तिथल्या रंगीत टाइल्स आणि तबकांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे जाण्याबद्दल आणि तिथल्या वस्तूंबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : इस्तंबूलमध्ये आमचे पाच दिवस आहेत. त्यातला एक इझनिकला दिला तर पुरेल का? कसं जायचं?

पुरेल, पण धावपळ होईल. एक रात्र राहिलात तर सकाळी लवकर, कारखान्यांची दारं उघडत असताना गाव बघता येतं, आणि संध्याकाळ तळ्याकाठी मिळते.

इझनिक बुर्सा प्रांतात, इझनिक तळ्याच्या पूर्वेच्या टोकाला आहे. तिथे रेल्वे जात नाही. सोयीचा मार्ग असा : इस्तंबूलच्या येनीकापी धक्क्यावरून यालोवाची जलद फेरी घ्यायची. तिला साधारण सव्वा तास लागतो. मुक्काम आशियाई बाजूला असेल तर पेंदिकहून यालोवा, पाऊण तास. यालोवाच्या बस अड्ड्यावर इझनिकची मिनिबस मिळते. ती ओरहानगाझीवरून तासाभरात पोहोचवते. स्वतःची गाडी असेल तर 2016 साली सुरू झालेल्या ओस्मानगाझी पुलावरून खाडी ओलांडता येते, फेरीची गरज नाही. बुर्सात मुक्काम असेल तर तिथून थेट मिनिबस आहे. तिला दीड तास धरा.

अडतं ते दोन ठिकाणी. हिवाळ्यात 'लोदोस' नावाचा दक्षिणेचा वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी फेरी सुटणार आहे ना हे बघूनच धक्क्यावर जा. दुसरं म्हणजे परतीची शेवटची मिनिबस. ती किती वाजता आहे हे उतरल्या उतरल्या चालकालाच विचारून घ्या. 'सोन आराबा काच्ता?' म्हणजे शेवटची गाडी किती वाजता. आणि तिकीट काढताना नाव नीट उच्चारा. इझनिक, इझमित आणि इझमिर ही तीन वेगवेगळी गावं आहेत. इझमिरच्या बसमध्ये बसलात तर उतराल एजियन समुद्राच्या काठी.

प्रश्न : टाइल्सचं माहेर म्हणून इझनिकला गेलेले आमचे एक नातेवाईक म्हणाले, 'गावात बघायला टाइल्सच नाहीत.' हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. इझनिक हे माल बनवणारं गाव होतं, माल गेला ओटोमन राजधानीला, इस्तंबूलला. सोळाव्या शतकात इथल्या भट्ट्यांमधून निघालेलं उत्तम काम सुलतानाच्या आणि वजिरांच्या इमारतींवर चढलं. ते बघायचं तर इस्तंबूलमध्ये आणि एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीत. त्यामुळे आमचा सल्ला स्पष्ट आहे : आधी इस्तंबूलमध्ये डोळा तयार करा, मग इझनिकला या. उलट क्रमाने गेलात तर तुमच्या नातेवाइकांसारखेच हिरमुसून परताल.

इस्तंबूलमध्ये सगळ्यात आधी एमिनोन्यूची रुस्तेम पाशा मशीद. ओटोमन दरबाराचा वास्तुकार सिनान याने 1560च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली. ती दुकानांच्या वरच्या मजल्यावर आहे, बाजारातून अरुंद जिना चढून जावं लागतं, आणि तो जिना चुकवून कितीतरी लोक पुढे निघून जातात. इथे टाइल्स हाताच्या अंतरावर आहेत, हेच तिचं मोल. निळ्या मशिदीत, म्हणजे 1616 साली पूर्ण झालेल्या सुलतान अहमद मशिदीत, वीस हजारांहून जास्त टाइल्स आहेत, पण त्यातल्या सरस टाइल्स वरच्या सज्जात आहेत आणि खालून दिसते ती नुसती निळसर झाक. टॉपकापी राजवाड्यात सुंता-दालनाच्या बाहेरच्या भिंतीवरचे निळे-पिरोजी उभे पट चुकवू नका (राजवाडा मंगळवारी बंद असतो). फुटकळ भांडी बघायची तर पुरातत्त्व संग्रहालयाच्या आवारातला 1472 सालचा चिनिली क्योश्क, म्हणजे टाइल्सचा मंडप, किंवा बोस्फरसच्या काठचं सादबेर्क हानिम संग्रहालय.

मग इझनिकमध्ये उरलं काय? भट्ट्या. सुलतान दुसऱ्या मुरादच्या हमामाशेजारी (हमाम म्हणजे सार्वजनिक स्नानगृह) कुंपणाआड खोदलेले खड्डे दिसतात. ही जुन्या भट्ट्यांची उत्खननाची जागा आहे. काम 1960च्या दशकात प्रा. ओक्ताय आस्लानापा यांनी सुरू केलं. पाटी वाचली नाही तर कुणीतरी पाया खणून सोडून दिलाय असं वाटेल. पण याच जमिनीतून भट्टीत बिघडलेले तुकडे निघाले : एकमेकांना चिकटलेल्या थाळ्या, ओघळलेली झिलई (भांड्यावरचा काचेसारखा थर), मधेच सोडून दिलेलं चित्र. राजवाड्यात फक्त जमलेलं काम पोहोचतं, फसलेलं भट्टीपाशीच राहतं. आणि काम कसं होत होतं हे फसलेल्या तुकड्यांवरूनच जास्त कळतं. एके काळी युरोपातले संग्राहक इझनिकच्या काही भांड्यांना 'दमास्कसची' आणि काहींना 'ऱ्होड्सची' म्हणत होते. तो गोंधळ दूर करण्यात या खापऱ्यांचा मोठा वाटा आहे.

धंदा बुडण्याचं कारण विचारलंय, तेही थोडक्यात. दरबार टाइल्सचे दर ठरवून देई. सोळाव्या शतकाच्या शेवटी महागाई भडकली, दर मात्र तेच राहिले. कारागिरांनी साहित्यात काटकसर केली, मग रंग पसरू लागले आणि पांढरा करडा पडू लागला. सतराव्या शतकाच्या मध्याला एवलिया चेलेबी हा प्रवासी आला तेव्हा शेकड्यांनी असलेल्या कारखान्यांपैकी नऊ उरले होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तेही संपले, आणि चिनीकामाचा वारसा क्युताह्या शहराने पुढे चालवला.

प्रश्न : 'इझनिकची भांडी मातीची नसतात, दगडाची असतात' असं वाचलं. म्हणजे नेमकं काय?

म्हणजे गारगोटीची. तुर्कीत या कामाला 'चिनी' म्हणतात. आपल्या 'चिनी माती'तला चिनी तोच. दरबाराला हवं होतं चीनचं पोर्सेलिन. पण त्यासाठी लागणारी काओलिन माती आणि तेराशे अंशांच्या घरातली भट्टी दोन्ही हाताशी नव्हतं. तोच पांढरेपणा नऊशे अंशांत आणायचा, तर मातीऐवजी मुळातच पांढरी असलेली वस्तू घ्यायची. इराणमधल्या काशानच्या अबुल कासिमने 1301 साली हे प्रमाण लिहून ठेवलंय : दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग बारीक पांढरी माती. इझनिकची पद्धत याच घराण्यातली. फरक असा की इझनिकवाले काचेत शिसंही घालत.

आता अडचण बघा. गारगोटीच्या पुडीला चिकटपणा नसतो. ओला गोळा हातात घेतला तर ओल्या रव्यासारखा लागतो. बोटाने ओढायला गेलात की कड फाटते. म्हणून उंच, पातळ भांडं चाकावर ओढून काढणं अवघड. तबकं साच्यावर दाबून आणि फर्म्याने खरवडून घडवतात. भाजताना काचेची पूड वितळून गारगोटीचे कण एकमेकांना चिकटवते. जोड फक्त तेवढाच. त्यावर आणखी बारीक, आणखी शुभ्र गारगोटीचा हात दिला जातो, त्याला तुर्कीत शब्द आहे 'अस्तार'. हो, आपलं अस्तर. त्यावर चित्र, आणि चित्रावर पारदर्शक झिलई.

भट्टीत खरी परीक्षा 573 अंशांना. या तापमानाला गारगोटीच्या स्फटिकाची रचना बदलते. चढताना तो एकदम फुगतो, उतरताना एकदम आकसतो. भट्टी घाईने थंड केली की तबक मधोमध तडकतं, तेही कधी कधी बाहेर काढल्यावर, टेबलावर, टिच्च असा आवाज होऊन. मग हा उपद्व्याप करायचा कशासाठी? कारण हाच आकसण्याचा गुण झिलईला सांभाळतो. सोडा आणि शिशाची झिलई थंड होताना बरीच आकसते. खाली साधी माती असेल तर ती तेवढी आकसत नाही, झिलई ताणली जाते आणि तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. गारगोटीचं अंग झिलईच्या बरोबरीने किंवा थोडं जास्तच आकसतं, त्यामुळे झिलई ताणाऐवजी दाबाखाली राहते. चारशे वर्षांपूर्वीच्या चांगल्या टाइलवर काल पाणी पडल्यासारखी चमक दिसते ती यामुळे.

रंगांचं थोडं. निळा कोबाल्टचा. तांबं सोड्याच्या झिलईत पिरोजी होतं, शिसं वाढलं की हिरवं. रेखाटणीच्या काळ्यात क्रोमियम आणि लोह असतं. ते झिलईत विरघळत नाही, म्हणून काळी रेघ बांधासारखं काम करते आणि निळ्याला पसरू देत नाही. आणि सगळ्यात नाठाळ रंग लाल. तो 1557 साली पूर्ण झालेल्या इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत ठळकपणे दिसू लागतो. हा खरं तर रंग नव्हे, लोहयुक्त मातीचा लेप. पातळ दिला तर लोह झिलईत विरघळून पिवळट-तपकिरी होतं. फार जाड दिला तर पापुद्रा सुटतो. भट्टी जरा जास्त तापली तरी करपतो. जमला तर टोमॅटोसारखा लाल आणि बोटाला लागेल असा उठून आलेला. सतराव्या शतकातल्या टाइल्सवर हाच लाल विटकरी आणि सपाट झालेला दिसेल.

प्रश्न : दुकानात सगळंच 'अस्सल इझनिक' म्हणून विकतात. खरं कसं ओळखायचं?

'इझनिक' हे आज गावाचं नाव आहे तसं नक्षीच्या शैलीचंही आहे. ट्यूलिप, कार्नेशन, हायसिंथ आणि गुलाब काढलेलं तबक क्युताह्यात मातीवर केलेलं असलं तरी दुकानदार त्याला इझनिक म्हणतो, आणि शैलीपुरतं ते खोटंही नसतं. तेव्हा 'अस्सल आहे का' असं विचारू नका. 'कुवार्स मी, चामुर मू?' असं विचारा. गारगोटी की माती? इझनिकमधला कारागीर सहसा सरळ उत्तर देतो, कारण गारगोटीच्या कामाची किंमत मातीच्या कामाच्या कित्येक पट असते आणि ती का, हे त्याला सांगायचंच असतं.

आता स्वतः पाहा. चित्राकडे पाहण्याआधी तबक उलटं करा. खालच्या गोल कडीला, जिथे ते टेकतं, तिथे झिलई नसते. तिथलं अंग पांढरं आणि साखरेसारखं बारीक रवाळ असेल, नख फिरवल्यावर खरखरत असेल, तर गारगोटी. गुळगुळीत, पिवळसर किंवा गुलाबी असेल तर माती. नुसत्या पांढरेपणावर जाऊ नका, पांढऱ्या मातीचंही काम होतं. रवा बघा.

मग सुलट करून लालावरून बोट फिरवा. उठाव लागायला हवा. लाल सपाट आणि चकचकीत असेल तर तो कारखान्यातला तयार रंग. तो वाईट असतो असं नाही, पण त्याची किंमत जुन्या पद्धतीच्या लालाएवढी नसावी.

फोनचा कॅमेरा जवळ नेऊन रेघ मोठी करा. हाताने ओढलेल्या रेघेला सुरुवात असते, पोट असतं आणि निमुळता शेवट असतो. छापील स्टिकरची रेघ सगळीकडे सारखी जाड असते, आणि फार जवळ नेल्यावर रंगाचे ठिपके दिसतात. आणखी सोपी युक्ती : त्याच नक्षीची दोन तबकं शेजारी ठेवा. एकाच पाकळीवर दोन्हीकडे हुबेहूब तीच चूक असेल तर तो छाप. माणूस एकच चूक दोनदा सारखी करत नाही.

शेवटी वाजवून पाहा. तबक तीन बोटांच्या टोकांवर तोलून कडेला नखाने टिचकी मारा. आवाज बसका, फुटका आला तर आत न दिसणारा तडा आहे. कितीही सुंदर असलं तरी परत ठेवा.

कोणता दोष चालतो, हेही पुष्कळांनी विचारलंय. सुईच्या टोकाएवढी छिद्रं, कडेला जमलेला झिलईचा थेंब, एखाद्या ठिकाणी किंचित पसरलेला निळा हे हातकामाचे दोष आहेत, ते चालवून घ्या. झिलई मागे सरून अंग उघडं पडलं असेल तर घेऊ नका. झिलई देण्याआधी पृष्ठभागाला धूळ किंवा हाताचा तेलकटपणा लागलेला असतो, म्हणून असं होतं, आणि तिथून पाणी आत शिरतं. मागच्या बाजूला तीन छोटे खडबडीत डाग दिसले तर घाबरू नका. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये तीन पायांची तिकटी ठेवतात, तिच्या टोकांच्या त्या खुणा.

घासाघीस होते, पण कारागिराच्या स्वतःच्या दुकानात ती थोडक्यात आटपा. एकाच जागी तीन-चार वस्तू घेऊन एकत्र किंमत विचारणं जास्त फळतं.

प्रश्न : बाजारात एकाने 'सोळाव्या शतकातली टाइल' दाखवली. घ्यावी का?

नाही. खोटी असेल तर फसाल, खरी असेल तर अडकाल. तुर्कस्तानच्या 1983 सालच्या 2863 क्रमांकाच्या कायद्याने पुराणवस्तू देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. मशिदींच्या भिंतींवरून टाइल्स उचकटून चोरल्याच्या घटनाही घडलेल्या आहेत. रस्त्यात किंवा तळ्याकाठी सापडलेली खापरी खिशात घालणं हेही त्यातच येतं. नवं पण जुन्यासारखं दिसणारं काम घेतलंत तर 'फातुरा', म्हणजे पक्की पावती घ्या. तिच्यावर वस्तू नवीन आणि हातकामाची असल्याचं लिहून घ्या आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा. विमानतळावर विचारणा झाली तर तीच कामी येते.

प्रश्न : या तबकांत जेवण वाढता येईल का?

भिंतीवर लावा. जुन्या इझनिकच्या झिलईत चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त शिशाचा ऑक्साइड असे. आज बिनशिशाच्या झिलयाही वापरतात, पण डोळ्यांनी फरक कळत नाही. कारागीर 'कुर्शुनसुझ', म्हणजे बिनशिशाचं, आणि 'गिदाया उयगुन', म्हणजे खाण्याचे पदार्थ ठेवायला योग्य, असं दोन्ही लेखी देत असेल तरच सुका मेवा किंवा फळं ठेवायला वापरा. लिंबू, दही, टोमॅटो, लोणचं कधीच नाही. आंबट पदार्थ शिसं ओढून घेतात. मायक्रोवेव्ह आणि भांडी धुण्याचं यंत्र दोन्ही वर्ज्य, कारण सच्छिद्र अंगात शिरलेलं पाणी तापलं की तडा जातो.

प्रश्न : तिथे स्वतः टाइल रंगवून पाहता येते का?

येते. गावाच्या मध्यभागी सुलेमान पाशाचा मदरसा आहे. ओरहान सुलतानाच्या मुलाच्या नावाचा, ओटोमन काळातल्या सगळ्यात जुन्या मदरशांपैकी एक. अंगणाभोवतीच्या खोल्यांमध्ये आज चिनीकाम करणाऱ्यांची दुकानं आणि कारखाने आहेत. तिथे काम चाललेलं बघता येतं, आणि विचारलं तर पुष्कळदा ब्रश हातात मिळतो.

क्रम असा. एकदा भाजलेली, झिलई नसलेली टाइल देतात. तिच्यावर टोचे मारलेला कागद ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. कागद उचलला की ठिपक्यांची नक्षी उमटते. आपल्याकडच्या छिद्रांच्या कागदावरून काढलेल्या रांगोळीसारखंच. मग लांब केसांच्या बारीक ब्रशने काळी रेघ. तिला 'तहरीर' म्हणतात. इथेच नवख्याची फजिती होते. टाइल कोरडी, पाणी सपकन शोषून घेणारी. ब्रश थांबला की तिथे डाग. आणि एकदा उमटलेली रेघ पुसता येत नाही. ब्रश उभा धरा, मनगट न टेकवता पूर्ण हात हलवा, आणि रेघ सुरू केली की संपेपर्यंत थांबू नका. मग रंग भरायचे, तेही थेंब सोडून ब्रशच्या टोकाने पसरवत, घासून नाही. रेघेच्या केसभर अलीकडे थांबायचं.

यानंतर कारागीर टाइलवर झिलईचं दुधासारखं पाणी ओततो आणि तुमचं तासाभराचं काम पांढऱ्या पुडीखाली साफ दिसेनासं होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. भट्टीत ती पूड काच बनते आणि चित्र परत वर येतं, रंग पहिल्यापेक्षा गडद होऊन. भाजणी, हळूहळू थंड होणं आणि भट्टी भरण्याची वाट बघणं, यात दिवस जातात. त्यामुळे त्याच दिवशी टाइल हातात मिळत नाही. टपालाने पाठवणार का आणि खर्च कोणाचा, हे ब्रश उचलायच्या आधी ठरवा.

गारगोटीच्या कामाचं पुनरुज्जीवन कसं झालं, हेही एकाने विचारलंय. 1993 साली स्थापन झालेल्या इझनिक प्रतिष्ठानाने विद्यापीठ आणि शासकीय संशोधन संस्थेच्या मदतीने जुन्या तुकड्यांचं पृथक्करण करून कृती पुन्हा बसवली.

प्रश्न : चिनीकामाशिवाय गावात काय बघावं? पायी होतं का?

सगळं पायी होतं. गाव अजून रोमन काळाच्या चौकटीत बसलेलं आहे. दोन मुख्य रस्ते मध्यभागी एकमेकांना छेदतात आणि त्यांच्या टोकांना वेशी आहेत : उत्तरेला इस्तंबूल वेस, पूर्वेला लेफ्के, दक्षिणेला येनीशेहिर. पश्चिमेला तळं. स्ट्रॅबो या भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलंय की शहराच्या मधल्या एका दगडावर उभं राहिलं की चारही वेशी दिसतात. आज मध्ये घरं आलीत, पण रस्ते तितकेच सरळ आहेत, त्यामुळे वाट चुकत नाही.

चौकातच आयासोफिया आहे, मूळचं चर्च (इस्तंबूलचं प्रसिद्ध आयासोफिया वेगळं). आत जाताना पायऱ्या उतराव्या लागतात, कारण शतकांच्या भरावाने रस्ता वर आलाय. इथे एक चूक नेहमी ऐकू येईल. ख्रिस्ती धर्माचा श्रद्धालेख जिथे ठरला ती 325 सालची बिशपांची पहिली परिषद या इमारतीत झाली नाही. इथे झाली ती 787 सालची, प्रतिमांची पूजा पुन्हा मान्य करणारी. इमारत 2011पासून मशीद म्हणून वापरात आहे, तेव्हा नमाजाच्या वेळा, विशेषतः शुक्रवारची दुपार, टाळा.

तिथून पूर्वेला चालत गेलात की येशिल जामी, हिरवी मशीद. 1378 साली बांधायला घेतलेली. मिनाराला पिरोजी, हिरव्या आणि जांभळट तुकड्यांची नागमोडी नक्षी आहे. हे काम प्रसिद्ध लाल-निळ्या टाइल्सच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधीचं, वेगळ्या तंत्राचं. समोर 1388 सालची निलुफर हातूनची इमारत. पहिल्या मुरादने आईच्या नावे बांधलेलं अन्नछत्र, पुढे संग्रहालय झालेलं. आणखी थोडं पुढे लेफ्के वेस, सगळ्यात देखणी, एकामागे एक तीन कमानींची. सुमारे पाच किलोमीटर लांबीचा तट पूर्ण फिरायचा हट्ट नको. लेफ्केपासून दक्षिणेकडचा एक तुकडा पुरे.

नैऋत्येला रोमन नाट्यगृह आहे. याच्या बांधकामाबद्दल इथला रोमन राज्यपाल धाकटा प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं होतं : एक कोटी सेस्टर्सहून (रोमन नाणी) जास्त खर्च झालाय, काम अर्धवट आहे, आणि आताच खचून भेगा पडल्यात. जमीन मऊ म्हणून, की दगड ठिसूळ म्हणून, असं त्याने विचारलंय. कंत्राटी बांधकामाची तक्रार दोन हजार वर्षं जुनी आहे एवढंच.

प्रश्न : तळ्यात बुडालेलं चर्च दिसतं का?

2014 साली हवाई छायाचित्रांत या बासिलिकेचा, म्हणजे लांबट आकाराच्या जुन्या चर्चचा, आराखडा सापडला. काठापासून वीस-एक मीटरवर, जेमतेम दीड-दोन मीटर पाण्यात. तळ्याचं पाणी ओसरत गेल्यामुळे अलीकडे भिंतींचे अवशेष काठावरूनही दिसू लागलेत. प्रकाश तिरपा असताना, सकाळी जा. कुंपण ओलांडू नका.

प्रश्न : शाकाहारी आहोत. आणि कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. शनिवार-रविवारी इस्तंबूल-बुर्साची गर्दी असते. मसूर सूप, चीज किंवा पालक भरलेलं 'ग्योझलेमे', ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या मिळतात. सूप मागवताना 'एत सुयू वार मी?' असं विचारा, कारण मसूर पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. आसपास सगळीकडे ऑलिव्हच्या बागा आहेत, न्याहारीला तेच पुढे येतात.

प्रश्न : वीस टाइल्स घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीला लावायच्या आहेत. आणायच्या आणि बसवायच्या कशा?

आधी वजनाचा हिशेब करा. 25 सेंटिमीटर चौरस, दीड सेंटिमीटर जाडीची गारगोटीची टाइल दीड किलोच्या पुढेच भरते. वीस म्हणजे तीस किलोंवर. सामानाची मर्यादा तिथेच संपली, तेव्हा बहुधा कुरियरच. टाइल्स जोडीने, चित्राला चित्र लावून, मध्ये मऊ कागद घालून बांधा. खोक्यात आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की वरच्यांचं वजन खालचीच्या मध्यावर येतं आणि नेमकी तीच फुटते. तबकांनाही हाच नियम. चारही बाजूंना पाच सेंटिमीटर गादी हवी, आणि खोकं हलवल्यावर आतून आवाज येता कामा नये.

बसवताना गवंड्याला तीन गोष्टी सांगा. अंग सच्छिद्र आहे, म्हणून ओल येणाऱ्या भिंतीवर लावायच्या नाहीत. ओलीबरोबर क्षार येतात आणि झिलईमागे साचून तिला ढकलतात. घट्ट सिमेंटऐवजी थोडा लवचीक चिकटा वापरायचा. जुन्या इमारतींत त्या चुन्याच्या गिलाव्यात बसवलेल्या असत. आणि सांधे भरताना रंगीत मसाला लावायचा नाही, तो उघड्या कडांतून आत शोषला जातो आणि टाइलच्या पांढऱ्याला कडेने डाग पडतो. शेगडीच्या अगदी मागची जागा आणि जमीन टाळा. पुसायला ओलं फडकं. न्हाणीघरातलं आम्लाचं द्रावण एकदा जरी लावलं तरी पिरोजीची चमक जाते, आणि ती परत आणता येत नाही. वीस लागणार असतील तर बावीस घ्या. भट्टी बदलली की निळाही थोडा बदलतो, मागाहून मागवलेली टाइल शेजारणीला जुळत नाही.